बारा पोरांचं बोलावणं

"वाळू तापली का बघा की, नलूवहिनी," शालन म्हणाली. "मला आज आच सोसंना."

मी कुकरच्या तोंडावर हात धरला. वाफ नव्हती, नुसती कोरडी धग. झाकणाची शिट्टी आणि रबर शालननं आधीच काढून ठेवलं होतं. समोरच्या बांधकामावरची चार ओंजळी वाळू तिनं आदल्या दिवशी आणून, तीन पाण्यांनी धुऊन पत्र्यावर वाळवली होती. आता त्या वाळूवर ताटली, ताटलीवर डबा आणि डब्यात रवा, दही, साखर नि खायचा सोडा कालवलेलं पीठ. युक्ती माझी होती. बेकरीतला केक परवडणारा नव्हता, आणि केक नसेल तर तो वाढदिवसच नाही, असं स्नेहलनं आम्हा दोघींना बजावलं होतं.

"फुगंल न्हवं?"

"फुगेल. झाकण सारखं उघडू नकोस."

"मी न्हाई उघडत. ही उघडती."

ही म्हणजे स्नेहल, शालनची एकुलती पोर. त्या दिवशी तिला सहावं सरून सातवं लागत होतं. ती चुलीजवळ उकिडवी बसून झाकणाकडे अशी बघत होती, जणू आतून काहीतरी जिवंत निघणार आहे.

सप्टेंबरातला शनिवार होता तो. त्याला आता विसाच्या वर वर्षं झाली. विट्यात आमची गल्ली सोळा-सतरा घरांची, सगळी पत्र्याची, एकमेकांच्या भिंतींना टेकलेली. मागच्या बाजूला यंत्रमाग. त्यांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की वीज गेली आणि माग थांबले की पोरं झोपेतून दचकून उठायची. शालनचं दार माझ्या दाराला लागून. तिचा नवरा भारत ट्रकवर होता. द्राक्षं घेऊन पार दिल्ली-कलकत्त्यापर्यंत जायचा. फेब्रुवारीत तो वारला. कावीळ झाली होती, असं सगळ्यांना सांगितलं होतं. महिन्याभरात शालन मागावर सुताच्या कांड्या भरायला जायला लागली. दिवसभर उभं राहून काम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत कापसाची कुसं. मी गावातल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेबलावर बसायचे. नावं लिहून घ्यायची, पाकिटं बनवायची, ज्याची त्याला द्यायची.

स्नेहल गल्लीतल्या सगळ्यांच्या वाढदिवसाला जायची आणि परत आली की विचारायची, "आमच्यात कधी?" बाप गेल्यावरही तिनं विचारायचं सोडलं नाही. शेवटी ऑगस्टात शालन मला म्हणाली, "यंदा करूया."

मी म्हटलं, "अगं, भारतला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी कर की थाटात."

"पुढचं वर्ष कुणी बघितलंय, वहिनी?"

मी तिला कुकरातल्या केकची युक्ती सांगितली.

मग तीन आठवडे ती त्याच नादात. चहाची साखर तिनं निम्म्यावर आणली. चुरमुरे, शेंगदाणे, फुटाण्याची डाळ आठवड्या-आठवड्याला थोडी थोडी घेऊन डब्यात भरली, कारण भडंग घरी केलं की बारा पोरांना पोटभर होतं. फुगे तीन रंगांचे. प्रत्येक पोराला जाताना द्यायला एक पेन्सिल. बारा पोरं तिनं बोटांवर पुन्हा पुन्हा मोजली. आणि मागच्या रविवारी स्नेहलचा हात धरून ती स्वतः दारोदार गेली. "शनिवारी संध्याकाळी पाचला पोरांना धाडून द्या बरं का. काही आणायचं न्हाई. नुसतं धाडून द्या." सगळ्यांनी, "येतील की," म्हटलं होतं.

"मेघना कुठाय?" शालननं विचारलं. "सकाळपासनं दिसली न्हाई."

मेघना माझी मुलगी, स्नेहलपेक्षा वर्षानं मोठी.

"अंगात कणकण आहे तिच्या," मी म्हटलं. "आईकडं ठेवून आले."

"आता गं! स्नेहल आज तिच्याच जिवावर उड्या मारत हुती."

मेघनाला ताप नव्हता.

तीनच्या सुमारास मी गोदाकाकींकडं ताटल्या आणायला गेले. कोपऱ्यावरचं घर त्यांचं. पंधरा स्टीलच्या ताटल्या देते, असं त्यांनीच आपण होऊन सांगितलं होतं. काकी दारातच उभ्या राहिल्या. मला आत या म्हणाल्या नाहीत.

"ताटल्या न्हाईत गं मोकळ्या. पाव्हणं यायचं हाईत आमच्यात."

"मग सात-आठ तरी द्या. बाकीचं मी बघते."

"न्हाई जमायचं." त्या माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू पण तिकडं खाणार हाईस का?"

"म्हणजे?"

"काय न्हाई. जा तू."

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी कागदी ताटल्यांचा गठ्ठा घेतला आणि शालनला सांगितलं, की काकींच्या ताटल्या लग्नघरी गेल्यात. तिनं गठ्ठा हातात घेऊन उलटसुलट केला. "बरंच झालं. घासायचा ताप वाचला," म्हणाली. "पण पैसं तुमचं गेलं."

तेवढ्यात छबूताई आली. छबूताई म्हणजे भारतची थोरली बहीण, शालनची नणंद. तासगावला असायची. उन्हाळ्यात बेदाणे निवडायला जायची, एरवी मिळेल ते काम. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. एसटीतून उतरून चालत आली होती. कपाळावर घाम, काखेत पिशवी. पिशवीतून तिनं एक पिवळा फ्रॉक काढला. त्याला छातीवर पांढरी जाळी होती.

"बुधवारी माप घेऊन गेले ते ह्याच्यासाठी, कळलं का गं टवळे?" ती स्नेहलला म्हणाली. "मला वाटलं, तुझी आई तुला मागावरच्या कापडाचंच शिवतीया काय!"

स्नेहलनं फ्रॉक हिसकावून घेतला आणि आहे त्या कपड्यांवरूनच घालायला लागली. छबूताईनं तिला ओढून मांडीवर घेतलं, डोक्यावर तेल थापलं आणि दोन वेण्या घातल्या. बेदाण्याची पुडी तिनं शालनच्या पुढं सरकवली.

"केकात घाल."

"केक झाला की वन्सं."

"मग वर टोच."

आम्ही केक काढला. एका बाजूला थोडा करपला होता, पण फुगला होता. वर बेदाण्यांनी स्नेहलचं नाव लिहायला घेतलं तर 'स्ने'लाच निम्मे बेदाणे संपले. शालन हसली. त्या महिन्यांत मी तिला हसताना बघितलं ते एवढंच. छबूताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती वाळलीस गं. पाठीचं मणकं लागत्यात हाताला." मग माझ्याकडं बघून गप्प झाली. ते मला कळायला नको, असं तिला वाटलं असावं.

पाच वाजले. तीन रंगांचे फुगे दोरीला बांधलेले, सतरंजी झटकून अंथरलेली, भडंगाचं पातेलं झाकलेलं, कागदी ताटल्या ओळीनं मांडलेल्या. स्नेहल पिवळ्या फ्रॉकात उंबऱ्यावर उभी. दर थोड्या वेळानं आत वळून विचारायची, "वाजले का पाच?"

"वाजत्यात," छबूताई म्हणायची.

साडेपाच झाले. समोरच्या कट्ट्यावर गल्लीतली पोरं खेळताना दिसत होती. गोट्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता.

"खेळात इसरली असतील," शालन म्हणाली. "जा गं, बोलावून आण त्यास्नी."

मी उठले. "थांब, मी जाते."

"तुम्ही कशाला? तिचाच वाढदिवस हाय, तीच जाईल."

स्नेहल पळाली. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. ती कट्ट्यावर पोहोचली, हात हलवून काहीतरी बोलली. एक-दोन पोरं उठलीसुद्धा. तेवढ्यात एका घरातून बाई बाहेर आली, दंडाला धरून आपल्या पोराला आत नेलं. मग दुसरं दार उघडलं. मग तिसरं. दोन मिनिटांत कट्टा रिकामा झाला. स्नेहल थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग चालत आली. पळत नाही, चालत.

"आई, एड्स म्हंजे काय?"

शालनच्या हातात काडेपेटी होती.

"कोण म्हणालं?"

"सोनूची आई. म्हणली, तुमच्या घरचं खायचं न्हाई. तुझ्या आईला एड्स झालाय. तुझ्या पप्पांना पण हुता. आन तुला पण हाय." ती एका दमात बोलली, शाळेतली कविता म्हटल्यासारखी. मग विचारलं, "मला पण हाय?"

"न्हाई," शालन म्हणाली. "तुला काय न्हाई. तुला काय बी न्हाई."

तिनं काडेपेटी खाली ठेवली. रडली नाही. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. ती हळूहळू छबूताईकडं वळली.

"वन्सं."

"माझ्याकडं का बघतीस अशी?"

"दोघींनाच ठावं हुतं. मला आन तुम्हाला."

"अगं, डॉक्टर हाय की!"

"डॉक्टर येतोय व्हय सोनूच्या आईला सांगायला? रक्त द्यायला माझ्यासंगट कोण आलं हुतं? कागद कुणी वाचून दाखवला मला? माझ्या भावाला बी मी बोलले न्हाई. आईला न्हाई. तुम्हाला एकट्यास्नी."

"शालन, डोकं ठिकाणावर ठेव. मी कशाला सांगीन? भाऊ हुता माझा."

"बुधवारी आलतासा. माप घ्यायला म्हणून." शालनचा आवाज चढला नव्हता, हेच भयंकर होतं. "जाताना प्रमिलावहिनींच्या वट्ट्यावर बसलासा. तासभर. मी बघितलं. काय बोलत हुतासा?"

"एसटीला वेळ हुता म्हणून बसले! तिनं हाक मारली. बेदाण्याचा भाव इचारत हुती."

"तासभर भाव?"

प्रमिला माझी जाऊ. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची.

छबूताई उठली, स्नेहलजवळ गेली. "ह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते—"

शालननं पोरीला मागं ओढलं. "हात लावू नका तिला. तिची शपथ घ्यायची न्हाई."

छबूताईचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात माझ्याकडं तसं कुणी बघितलेलं नाही, पाण्यात पडलेलं माणूस काठावरच्याकडं बघतं तसं.

"नलू, तू सांग की हिला. तू शिकलेली हाईस, शहाणी हाईस. मी असं करीन का? तू वळखतीस मला."

खोलीत चौघीच होतो. मागचे माग खडखडत होते. शालनही माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "मला काय माहीत, छबूताई. मी काय सांगू?"

छबूताईनं पिशवी उचलली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "शालन, तुला बरं-वाईट झालं तर पोरीला मीच बघणार हाय. ते तरी ध्यानात ठेव."

"माझा भाऊ बघंल तिला. न्हाईतर रस्त्यावर ऱ्हाईल. तुमच्या दारात येणार न्हाई."

ती गेली.

आता सांगते. ते पाकीट मी बंद केलं होतं.

डॉक्टर त्यांच्या दवाखान्यात रक्त काढायचे आणि तपासायला आमच्या लॅबमध्ये पाठवायचे. पेशंटला वाटायचं, रक्त मोठ्या गावाला जातं. जुलैत एका सकाळी माझ्यापुढं दोन कागद आले. शालन भारत पिसाळ. स्नेहल भारत पिसाळ. कागद वाचायची मला परवानगी नव्हती, पण नाव बघितल्यावर हात थांबला नाही. आईचा रिपोर्ट वाईट होता. पोरीचा चांगला होता. मी दोन्ही पाकिटांना डिंक लावला, वर नावं लिहिली, आणि दोन महिने तोंडातून शब्द काढला नाही. लॅबमधल्या सरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं, की एका ताटात जेवलं तरी हा रोग होत नाही, शेजारी झोपलं तरी होत नाही. मला सगळं माहीत होतं.

मंगळवारी संध्याकाळी प्रमिला माझ्याकडं आली होती. तिचा धाकटा दोन वर्षांचा, शालनच्या घरातच पडलेला असायचा, तिच्याच हातानं भात खायचा. प्रमिला कौतुकानं सांगत होती, की शालन त्याला आपल्याच ताटात घेते. मी म्हटलं, "जरा जपून, प्रमिला." ती म्हणाली, "का?" आणि मी सांगितलं. देवीची शपथ घालून सांगितलं, कुणाला बोलायचं नाही म्हणून. दोन वाक्यं असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं, पण काय करावं ते कळत नव्हतं. शनिवारी मी माझ्या मुलीला आईकडं पोहोचवलं. तिनं शालनकडं केक खाऊ नये म्हणून. माहीत असूनही.

आणि प्रमिलाला मी शालनचं सांगितलं. पोरीचं रक्त चांगलं आहे, हे सांगायचं राहून गेलं.

"चला," शालन म्हणाली. "कापूया."

तिनं एक मेणबत्ती पेटवली. बाकीच्या पाच तशाच ठेवल्या. स्नेहलनं फुंकर घातली, सुरी धरली, मी टाळ्या वाजवल्या. एकटीच्या टाळ्या. शालननं एक तुकडा पोरीच्या तोंडात घातला आणि दुसरा ताटलीत ठेवून माझ्यापुढं धरला. धरला आणि थांबली. मी घेईन की नाही, ते ती बघत होती.

मी तो तुकडा खाल्ला. सगळा. करपलेल्या बाजूचा होता.

तेव्हा ती रडली. "तुम्ही तरी आलासा, वहिनी," म्हणाली. "तुम्ही तरी आलासा."

त्यानंतर सगळं भराभर झालं. सोमवारी मालकानं तिला कारखान्यातून काढलं. नळावर तिची घागर लागली की बायका आपली मागं घ्यायच्या. शाळेत बाईंनी स्नेहलला वेगळं बसवलं. मी गुपचूप लॅबमधल्या सरांकडून पोरीच्या रिपोर्टची नक्कल आणून बाईंना दाखवली. त्यांनी बघितली, घडी घालून परत दिली आणि म्हणाल्या, "मला कळतं हो, पण बाकीच्या पालकांना कोण समजावणार?" गल्लीतही मी दोन-चार घरी सांगून बघितलं, पोरीला काही नाही म्हणून. कुणी विचारलं नाही, की तुला कसं माहीत. त्यांना ते ऐकायचंच नव्हतं.

छबूताई दिवाळीच्या आधी एकदा आली, संक्रांतीला एकदा. दोन्ही वेळा शालननं दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी मी घरातच होते. छबूताई बंद दाराशी बोलत होती. "पोरीला तरी बघू दे गं. लांबनं बघते." मग पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेली. शालननं ती पिशवी मला दिली. "टाकून द्या," म्हणाली. आत तिळाचे लाडू होते.

त्या दिवशी मी बोलू शकले असते. नंतरच्या प्रत्येक दिवशी बोलू शकले असते. पण शालनला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. दवाखान्यात मी नेत होते, पेज मी करत होते, पाठीला तेल मी लावत होते. मी सांगितलं तर हिला पाणी कोण देईल, असं मी मला समजवायचे. ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं.

भावाला तिनं माझ्याकडून लिहून घेऊन दोन पत्रं टाकली. त्याची बायको येऊन दारातूनच गेली. मार्चमध्ये एका संस्थेच्या बाई आल्या, दुसऱ्या जिल्ह्यात त्यांचं बालगृह होतं. चांगल्या होत्या. त्यांनी शालनच्या अंथरुणाजवळ बसून अर्ज भरायला घेतला. शालनला लिहिता येत नव्हतं, बोटंही थरथरत होती.

"नातेवाईक?" बाईंनी विचारलं. "मुलीला सांभाळू शकेल असं कुणी? मामा, काका, आत्या?"

शालन छताकडं बघत म्हणाली, "कुणी न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "खरंच कुणी नाही का हो? एकदा असा अर्ज झाला, की मग आम्ही तेच धरून चालतो."

मी शालनकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते. स्नेहल कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या ओढत होती, आणि ती हे सगळं ऐकत होती.

"नाही," मी म्हटलं.

खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. पत्ता माझा आहे.

शालन मे महिन्यात गेली. त्याच्या तीन आठवडे आधी पोरीला नेलं होतं. जीपमध्ये बसताना स्नेहल रडली नाही. मला म्हणाली, "काकू, आईला औषध द्या." तिनं पिवळा फ्रॉक घातला होता. आखूड झाला होता.

वर्षभरानं, पुढच्या एप्रिलात, माझ्या नावानं संस्थेचं छापील पत्र आलं. मुलीला भेटायला आजवर कुणी आलेलं नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी नेणार असल्यास कळवावे, अन्यथा पुढची व्यवस्था करण्यात येईल. खाली कुणीतरी पेननं लिहिलं होतं, "मुलगी फार कमी बोलते."

मी ते दोन दिवस उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी, घरी काही न सांगता तासगावची एसटी धरली.

छबूताई एका शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसली होती. पुढं बेदाण्याचा ढीग. काड्या, काळे मणी वेगळे काढत होती. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत. केस बरेच पिकले होते.

"बस," म्हणाली. "शालन गेल्याचं कळलं मला. लई उशिरा कळलं. पोरगी मामाकडं हाय न्हवं? बरी हाय?"

तेव्हा मला कळलं, की तिला काहीच माहीत नव्हतं. शालन रागानं जे बोलली, ते तिनं खरं धरलं होतं.

"छबूताई," मी म्हटलं, "ते मी सांगितलं होतं. प्रमिलाला. मी लॅबमध्ये होते. कागद माझ्या हातातून गेला होता."

शेजारच्या दोन बायकांनी माना वर केल्या. छबूताईची बोटं बेदाण्यांत फिरत राहिली. एक काडी काढली, बाजूला टाकली. दुसरी काढली.

"शालनला ठावं हुतं का?"

"नाही."

"मरताना?"

"नाही सांगितलं."

"म्हंजे ती मला तसंच समजून गेली."

मी मान हलवली. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी ती म्हणाली, "पोरगी कुठं हाय?"

मी पत्र पुढं केलं. तिला वाचता येत होतं. तिनं ओढणीसारखा बांधलेला टॉवेल सोडला, हात पुसले आणि एकेका शब्दावर बोट ठेवून सगळं वाचलं. पेननं लिहिलेली ओळ दोनदा वाचली. मग पत्राची घडी ब्लाउजमध्ये ठेवली, उठली, शेडच्या नळावर हात धुतले, तोंड धुतलं. मुकादम ओरडला, "ओ छबाबाई, निम्मा ढीग राहिलाय!" तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. चपला पायात सरकवल्या.

"आज रविवार आहे," मी म्हटलं. "आज भेटू देत नाहीत. आणि लगेच देणारही नाहीत. कागद आहेत, कोर्ट आहे."

"मग बाहेर बसते."

"मी येते बरोबर. अर्जावर माझी सही आहे. मी सांगते त्यांना, माझ्याकडून चूक झाली म्हणून."

ती चालू लागली होती. ती थांबली, मागं वळली. त्या कागदांना पुढं सात महिने लागले. पोर तिच्या घरी आली आणि तिथंच वाढली, हे मी दुसऱ्यांकडून ऐकलं. छबूताई माझ्याशी जे शेवटचं बोलली ते त्या शेडच्या दारात. इतकी वर्षं ती मला नलू म्हणायची, अगं-तुगं करायची.

"लिहून द्या काय द्यायचं ते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."